नवरीचे मामा

वैजनाथ सरांनी परमनंट नोकरी सोडली तेव्हा अख्ख्या गावानं त्यांना येड्यात काढलं. का नाही काढणार? कोपरगाव तालुक्यात पोराला शाळेत चिकटवायला लोक पुढाऱ्यांचे उंबरे झिजवतात, आणि हा बाबा चिकटलेला सुटून आला! कशासाठी? तर माईकसाठी. लग्नात "उपस्थित मान्यवरांचे हार्दिक स्वागत" म्हणायला.

हायस्कुलात ते मराठी शिकवायचे. म्हणजे शिकवू दिलं तर. एरवी खिचडीचे तांदूळ मोजा, ऑनलाइन माहिती भरा, मतदारयाद्या घेऊन उन्हात फिरा. रविवारी मात्र माणूस राजा! कुणाचंही लग्न असो, सरांना बोलवा. सर फुकट बोलायचे, आणि यजमान स्वतः त्यांना फेटा बांधून पहिल्या पंगतीला बसवायचे. सरांना वाटलं, हा सगळा मान आपल्या आवाजाचा. तिथंच गणित चुकलं. त्यांनी राजीनामा दिला, कार्डं छापली: लग्न, साखरपुडा, उद्घाटन, दशक्रिया.

पहिल्याच सीझनला डोळे उघडले. सुपारी घेऊन बोलणारा माणूस घोडेवाला, बँडवाला आणि आचारी यांच्या रांगेत बसतो. फेटा बंद झाला. जेवण सगळ्यात शेवटी, वाढप्यांबरोबर, गार भात आणि तळाची भाजी. "सर" गेलं, "ओ माईकवाले" आलं. सर मनातल्या मनात चडफडायचे, पण सांगणार कुणाला? हौसेनं उडी मारली होती.

एक मांडव मात्र त्यांनी मनात राखून ठेवला होता. धाकट्या बहिणीची, शोभाची मुलगी अनन्या, तिच्या लग्नाचा. या पोरीला सरांनी खांद्यावर बसवून जत्रा दाखवल्या होत्या. दहावीला व्याकरण त्यांनीच घोटून घेतलं होतं. शोभाला सख्खा भाऊ हा एकच. नवरीला हाताला धरून मांडवात आणायचं ते मामानं, अंतरपाट धरल्यावर तिच्या पाठीशी उभं राहायचं ते मामानं. हा मान कुणी सुपारी देऊन देत नाही आणि कुणी काढूनही घेत नाही, असं सर धरून चालले होते.

शोभाच्या यजमानांचा फोन आला, नाव श्रीमंत. "पाव्हणं, माईक तुमीच घ्या. घरचा मानूस असताना बाहेरचा कशाला?"

"घेतो की, दाजी. फक्त मामाला बोलवायची वेळ झाली की माईक दुसऱ्या कुणाकडं देईन."

"बघू की तवा," श्रीमंत म्हणाले.

लग्नाच्या दिवशी सर नवं जाकीट घालून कार्यालयात आले. फेटेवाल्यापुढं पाहुण्यांची रांग होती, सर तिच्यात उभे राहिले. नंबर आला, तेवढ्यात श्रीमंतांनी दंडाला धरून बाजूला घेतलं.

"तुमी हितं कुठं? माईकपाशी जा, आमदारसायबांची गाडी फाट्यावर आलीय."

"फेटा बांधून जातो. मामा बिनफेट्याचा बरा दिसेल का?"

श्रीमंतांनी इकडंतिकडं पाहिलं. "मामा म्हणून आसारामला सांगितलंय."

आसाराम म्हणजे सरांचा चुलत भाऊ. साखर कारखान्यात परमनंट, ऊसतोडीच्या चिठ्ठ्या वाटायचं काम. दाखला हातात देऊन शाळेतून हाकललेला, आठवीत दोनदा गटांगळ्या खाल्लेला आसाराम! तो पलीकडं फेटा बांधून फोटो काढून घेत होता.

"दाजी, सख्खा मामा मी आहे."

"व्हय हो, न्हाई कोन म्हनतंय? पण नवऱ्याकडच्या पाव्हण्यांनी इचारलं हुतं, मामा काय करतात? आता काय सांगायचं? माईकवर वरडतात? चांगल्या घरचे हायेत ते. मामा कारखान्यात हाय म्हनून सांगून टाकलं. आता लग्न लागंपत्तुर सांभाळा, पाया पडतो."

सरांच्या अंगाची लाही लाही झाली. ते स्टेजवर गेले. साहेबांचं स्वागत केलं, चेअरमनचं केलं, सरपंचाचं केलं. आवाज खणखणीत, तोंड कडूजहर. मुहूर्त जवळ आला. भटजींनी खूण केली, "मामांना बोलवा."

सरांनी माईक बंद करून खुर्चीवर ठेवला आणि सरळ नवरीच्या खोलीकडं चालू लागले. होऊ दे काय व्हायचं ते! बहीण माझी, भाची माझी. नोकरी सोडली म्हणून काय रक्त सोडलं?

दारात शोभा उभी होती. भावाला बघून तिनं पदर तोंडाला लावला, पण अडवलं नाही. आत मुंडावळ्या बांधलेली अनन्या, शेजारी आसाराम. सरांनी हात पुढं केला.

"चल बाळा."

अनन्यानं त्या हाताकडं पाहिलं. मग मागं, जिथं नवऱ्याकडची बायामाणसं कौतुकानं उभी होती. आणि अगदी हळू, मुंडावळ्यांआडून म्हणाली, "मामा, प्लीज. मीच सांगितलंय त्यांना, आसाराममामा सख्खे म्हणून."

सरांचा हात तसाच राहिला. म्हणजे दाजी नाही. पोरगी.

"अहो माईकवाले," नवऱ्याची आई मागून म्हणाली, "इथं काय करताय? मुहूर्त टळंल ना!"

आसाराम खाली बघत होता. शोभा भिंतीकडं तोंड करून उभी होती.

सर परत फिरले. स्टेजवर चढले, माईक उचलला, बटण दाबलं.

"नवरीचे मामा," ते म्हणाले, आणि आवाज जराही हलला नाही, "नवरीचे सख्खे मामा श्री. आसाराम, आपल्या लाडक्या भाचीला घेऊन मांडवात येत आहेत. जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्या."

टाळ्या कडाडून झाल्या.