न दिलेली किल्ली

घड्याळवालीने डोळ्याला भिंग लावलं, घड्याळ पालथं केलं आणि मागचं झाकण फिरवून काढलं. काउंटरच्या अलीकडे उभी असलेली बाई नकळत पुढे वाकली. नवऱ्याच्या घड्याळाचं पोट ती अठरा वर्षांत पहिल्यांदाच उघडं पाहत होती. आत अर्ध्या चंद्राच्या आकाराचा धातूचा जाड तुकडा होता. घड्याळवालीने घड्याळ जरा कलतं केलं तसा तो सुळकन एका बाजूला घरंगळला.

"काय होतं म्हणालात?"

"बंद पडतं. सकाळी हे हलवून हलवून चालू करतात, जेवायच्या वेळेपर्यंत पुन्हा ठप्प. आठवडाभर माझं डोकं खाल्लंय. म्हणतात, घड्याळ कामातून गेलं."

"पाणीबिणी गेलं होतं का आत?"

"छे! आंघोळीआधी न चुकता काढून ठेवतात."

"मग पडलं असेल, आपटलं असेल."

"एक वेळ मी पडेन, ते नाही पडायचं."

घड्याळवाली हसली. तिने घड्याळ एका छोट्या यंत्रावर ठेवलं. पडद्यावर ठिपक्यांची सरळ रेघ उमटत गेली.

"दिवसाला चार सेकंद पुढे," ती म्हणाली. "या वयात इतकं नेमकं माणूससुद्धा चालत नाही, मावशी. पण दोन दिवस ठेवून जा. मला बघू दे."

घड्याळ नवऱ्याला त्याच्या डेपोने दिलं होतं. बस चालवायला लागल्यापासून पंचवीस वर्षं एकही अपघात नाही म्हणून. निवृत्त झाल्यावरही आजूबाजूचे लोक त्याला ड्रायव्हरसाहेबच म्हणत, आणि त्याने घड्याळाची जेवढी निगा राखली तेवढी स्वतःच्या दातांचीही राखली नव्हती. दर रविवारी मऊ ब्रशने पट्ट्याच्या कड्यांमधला मळ काढायचा, मग सुती फडक्याने पुसायचं. रेडिओच्या स्पीकरजवळ ठेवायचं नाही, त्यातल्या लोहचुंबकाने चाल बिघडते. तारीख बदलायची ती सकाळीच. रात्री नऊनंतर आतली चाकं स्वतःच तारीख ढकलायच्या तयारीत असतात, तेव्हा मध्ये हात घालायचा नाही. मुलाने लहानपणी एकदा घातला होता. त्या दिवशीचं बापाचं ओरडणं तो अजून विसरला नव्हता.

पाच महिन्यांपूर्वी ड्रायव्हरसाहेबांना झटका आला. डावी बाजू गेली. पाय दोन महिन्यांत पुष्कळसा परत आला, बोलणं तर आधीच आलं होतं, पण हात काही आला नाही. तो मांडीवर ठेवला की तिथेच राही. घड्याळ एवढे दिवस कपाटात होतं. गेल्या आठवड्यात त्याने ते मागून घेतलं, उजव्या हाताने डाव्या मनगटावर चढवलं, आणि तेव्हापासून ते बंद पडायला लागलं.

दोन दिवसांनी ती दुकानात गेली तेव्हा घड्याळवालीने घड्याळ तिच्यापुढे ठेवलं.

"एक सेकंदही थांबलं नाही. फिरत्या डबीत ठेवलं होतं मी. ठणठणीत आहे." मग तिने विचारलं, "मावशी, हे घालतं कोण?"

"आमचे हे."

"डाव्या हातात?"

तिने मान हलवली. पुढचा प्रश्न घड्याळवालीने विचारला नाही, तरी तिने उत्तर दिलं. "पाच महिने झाले. हात नाही उचलत."

घड्याळवालीने उगाचच काच पुसली. "ऑटोमॅटिक घड्याळ हातावर जगतं," ती हळू आवाजात म्हणाली. "हात हलला की आतलं वजन फिरतं, वजन फिरलं की स्प्रिंग गुंडाळली जाते. सेल नाही, काही नाही. हातच निजून राहिला तर ते तरी काय करणार? उजव्या हातात घालायला सांगा."

"नाही ऐकायचे. पन्नास वर्षं डाव्या हातात घालतायत."

"मग किल्ली देत जा. बघा." तिने कडेचं बारीक बटण चिमटीत धरलं. "बाहेर ओढायचं नाही. आहे तिथेच पुढे फिरवायचं. तीसदा, सावकाश. आणि हातावर असताना नको, काढल्यावर. मग उद्या रात्रीपर्यंत बघायला नको."

बाईनेही तिथेच दोनदा करून पाहिलं. अंगठ्याखाली बारीक करकर लागत होती, जसं काही आत कुणी दाणे दळत होतं.

घरी आल्यावर तिने सांगितलं, "दुरुस्त झालं. आत कचरा अडकला होता म्हणे."

"मी म्हणत नव्हतो?" तो म्हणाला. "घड्याळातच खोट होती."

दुसऱ्या दिवसापासून तो आंघोळीला गेला, न्हाणीचं दार लागलं, नळाचा आवाज सुरू झाला, की ती न्हाणीबाहेरच्या शेल्फवरचं घड्याळ उचलायची. एक, दोन, तीन. तीस झाले की पुन्हा होतं तसंच, पट्टा डावीकडे करून ठेवून द्यायची. त्याला आंघोळीला हल्ली फार वेळ लागे. एका हाताने करायचं म्हणजे लागणारच, असं म्हणून तिने कधी हाक मारली नाही. तो वेळ तिच्या पथ्यावरच पडला.

घड्याळ चालू लागलं आणि माणूसही बदलला. आठवड्यातून तीनदा फिजिओ यायचा, त्याला इतके दिवस दारातूनच "आज नको, उद्या" ऐकावं लागे. आता ड्रायव्हरसाहेब त्याची वाट पाहू लागले. स्पंजचा चेंडू दाबा म्हटलं की दाबत. भिंतीवर बोटं चढवा म्हटलं की घामाघूम होईपर्यंत चढवत. बोटं वीतभर चढत आणि घसरत. तिला वाटे, हे सगळं आपल्या तीस फेऱ्यांवर उभं आहे. ज्या दिवशी त्याला कळेल की हात नाही, बायको घड्याळ चालवतेय, त्या दिवशी सगळं कोसळेल. या विचाराने कधीकधी तिची मोजणी चुकायची आणि ती पुन्हा एकपासून सुरू करायची.

असे दोन महिने गेले आणि धाकट्या बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. बहिणीला दुसरं कुणी नव्हतं. पाच दिवस जावं लागणार होतं. मुलगा सुट्टी काढून बापाजवळ राहायला आला. त्याला विश्वासात घ्यावं का, हा विचार तिने दोन दिवस केला. पण पोराच्या पोटात काही राहत नसे, सकाळी सांगितलं असतं तर दुपारी जेवताना त्याने बापालाच विचारलं असतं, "किल्ली दिली ना आईने?" ती गप्प राहिली. निघायच्या सकाळी तिने तीसऐवजी चाळीस फेरे दिले. बटण फिरतच राहिलं, पण त्याने घड्याळ जास्त चालणार नव्हतं हे तिलाही माहीत होतं. उद्या संध्याकाळ. फार तर उद्या रात्र.

बहिणीच्या डोळ्यात थेंब घालताना तिचा जीव तिकडेच होता. तिसऱ्या दिवशी तिने फोन केला. नवऱ्यानेच घेतला.

"बरं आहे ना सगळं?"

"बरं आहे."

"जेवलात?"

"जेवलो."

घड्याळाबद्दल विचारायचं तर कसं? तिच्या तोंडून निघून गेलं, "किती वाजले तिथे?"

"का? तू काय परदेशात गेलीयस?"

"सांगा हो."

"चार वाजून सव्वीस मिनिटं."

तिने समोरच्या भिंतीकडे पाहिलं. चार सव्वीस. मग तिच्या लक्षात आलं, आपल्या घरातही भिंतीवर घड्याळ आहेच की. तिने फोन ठेवला.

"ताई, ऑपरेशन माझं झालंय," बहीण म्हणाली, "आणि तोंड तुझं सुजलंय."

पाचव्या दिवशी दुपारी ती घरी पोचली. मुलाने दार उघडलं, बॅग घेतली आणि आत न्यायच्या आधीच तक्रार सुरू केली.

"आई, बाबांना काय झालंय? परवा सकाळपासून घरातल्या सगळ्या खिडक्यांच्या काचा पुसतायत. डाव्या हातात फडकं, वर उजव्या हाताचा टेकू. एक काच अर्धा तास! मी म्हटलं, मी पुसतो, तर अंगावर आले. काचा संपल्या तर कपाटाची दारं. दारं संपली तर टेबल. संध्याकाळी उजवा हातसुद्धा इतका दमला होता, की मीच त्यांना भरवलं. काल पुन्हा तेच. आता तर नुसतं बसल्याबसल्या हात हलवतायत. मला आधी वाटलं, माशा हाकलतायत."

ती चपला न काढताच आत गेली. घरभर उजेड होता. काचांमधून एवढा लख्ख उजेड तिने या घरात पाहिला नव्हता. नवरा खिडकीजवळ खुर्चीत बसला होता. डावा हात खुर्चीच्या दांड्यावरून पुढे जात होता आणि मागे येत होता. कुणी ढकलत नव्हतं. मनगटावरच्या घड्याळात सेकंदाचा काटा पळत होता.

"तू दिलीस का किल्ली?" तिने मागे वळून मुलाला दबक्या आवाजात विचारलं.

"किल्ली? त्याला किल्ली असते?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याचा कान तिकडेच होता.

"त्याने नाही दिली आणि मीही नाही दिली," तो म्हणाला. "चोरून तर नाहीच."

ती पलंगावर बसली. चपला अजून पायातच होत्या. तिने विचारलं, "कधी कळलं?"

"अगं, अठरा वर्षं सांभाळतोय मी ते. ते कशावर चालतं हे मला घड्याळवालीने सांगायला हवं?"

"मग घड्याळाला खोट का लावत होतात?"

हात पुढे गेला, मागे आला.

"हाताला लावायची हिंमत नव्हती," तो म्हणाला. मग खिडकीकडे बघत, "दुरुस्त होऊन आलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी साबण बाहेर राहिला होता. हाक मारावी म्हणून नळ बंद केला, तर करकर ऐकू आली. रोज मग नळ बंद करून उभा राहायचो. तुझे तीस व्हायचे. वाटलं, ही तीसदा फिरवते आणि आपण दहादा मूठ मिटायला कुरकुरतो. मग मीही आत तुझ्याबरोबर मिटायला लागलो. पहिले कितीतरी दिवस बोटं जागची हलत नव्हती. नुसतं मोजायचो."

"आणि मी म्हणत होते, यांना आंघोळीला एवढा वेळ का लागतो."

"गार पडायचो उभ्या उभ्या. तू मध्येच चुकायचीस आणि पुन्हा पहिल्यापासून!"

ती हसायला लागली. हसता हसता तिने पदराने डोळे पुसले, आणि मुलगा दारात बॅग घेऊन एकदा आईकडे, एकदा बापाकडे बघत उभा राहिला. काय झालं ते त्याला कुणीच सांगितलं नाही.

पंधरा दिवसांनी फिजिओने हाताची पकड तपासली, दोनदा तपासली, आणि वहीत लिहायच्या आधी स्वतःशीच "वा" म्हणाला. त्याच आठवड्यात ड्रायव्हरसाहेबांनी घोषणा केली, की घड्याळाच्या साफसफाईला पाच वर्षं झाली, आतलं तेल वाळत आलं असणार, आता दुकानात जायला हवं. आपण स्वतः जाणार.

"टॅक्सी सांगते," ती म्हणाली.

"टॅक्सी कशाला? बस जाते तिथून."

झटका आल्यापासून तो बसमध्ये चढला नव्हता. पायरी उंच होती आणि दांडा डाव्या हाताला होता. स्टॉपवर ती त्याच्या अगदी मागे उभी राहिली. बस आली. दार उघडलं. एकतीस वर्षं त्याने आरशातून लोकांना चढताना पाहिलं होतं. कोण अडखळणार, कुणासाठी थांबायचं, हे त्याला नुसत्या खांद्यांवरून कळे. आज आरशातून कुणीतरी त्याला पाहत होतं.

तिने त्याच्या कोपराखाली धरायला हात पुढे केला.

त्याने डावा हात वर नेला. बोटं एकेक करून दांड्याभोवती मिटली. एक क्षण काहीच झालं नाही. मग खांदा उचलला, दंडावरची शीर ताठली, आणि सगळा माणूस वर गेला.

तो आत दिसेनासा झाला. तिचा हात तसाच हवेत होता.

"मावशी," मागून कुणीतरी म्हणालं, "चढताय ना?"