बॅगा पुढे, मुलगी मागे

मित्रांनो, मी एक जुनी बस आहे. विमानतळाच्या दारापासून विद्यापीठाच्या गावाला जायचे आणि परत यायचे, एवढेच माझे आयुष्य. कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्या सीटा निळ्या होत्या. आता त्यांचा रंग विचारलात तर मलाच आठवावा लागेल.

परदेशातून शिकायला येणारी मुले माझी लाडकी. पण खरे सांगते, त्यांच्या मनात मी पहिली कधीच नसते. आधी ती रेल्वेकडे बघतात. ती झटपट नेते, पण वाटेत दोनदा गाडी बदलायची, बॅगा घेऊन जिने चढायचे म्हणजे नाकी नऊ येतात. टॅक्सी थेट दाराशी सोडते, पण भाडे ऐकून मुले हळूच मागे सरकतात. विद्यापीठाची गाडीही येते, पण आगाऊ कळवलेल्यांसाठी आणि ठरल्या दिवशीच. मग सगळी फिरून माझ्याकडे. मीही दार उघडते. रुसून कुणाचे पोट भरले आहे?

मुले चढतात, खिडकीला कपाळ टेकतात आणि झोपतात. अंग इथे आलेले असते, झोप मात्र अजून घरच्याच घड्याळावर चालते. बाहेर शेते आणि तळी मागे सरकत असतात, आत कुणीतरी झोपेत आपल्या भाषेत पुटपुटते. अशा वेळी मला वाटते, मी रस्त्यावरून जातच नाही, कुणाच्या तरी स्वप्नातून चालले आहे. फार सुख वाटते हो!

या मुलांची एक खोड ठरलेली. प्रत्येक थांब्यावर ती खाली उतरून माझ्या पोटातल्या आपल्या बॅगा बघून येतात. सगळे घर त्यांत भरून आणलेले. दुसऱ्याने उतरवून नेले तर? माझा चालक याला हसायचा. तो वेळेचा इतका पक्का, की सगळे त्याला घड्याळमामा म्हणत.

एका दुपारी एक मुलगी धापा टाकत चढली. तिचे विमान एक दिवस उशिरा आले होते. आज कचेरी बंद होण्याआधी नाव नोंदवले नाही, तर तिची विद्यापीठातली जागा जाणार होती. पोचू ना, असे तिने मोडक्यातोडक्या बोलीत विचारले. मामांनी मान डोलावली. तिचे कागद बॅगेत होते आणि बॅगा माझ्या पोटात.

मधल्या थांब्यावर फोन सीटवर ठेवून ती उतरली. एक बॅग दिसली, दुसरी बघायला ती माझ्या पलीकडच्या बाजूला गेली. मामांना वाटले, सगळे चढले. त्यांनी दार लावले आणि आम्ही निघालो. मुलगी राहिली हे सांगायला मी इंजिन खोकून पाहिले. म्हातारीला दमा लागला, असे म्हणत मामांनी वेग वाढवला.

तेवढ्यात रिकाम्या सीटवर फोन वाजला. शेजारी शिवणकाम करणाऱ्या एक मावशी पेंगत होत्या. त्या दचकून उठल्या. फोनवर मुलीला कवेत घेतलेल्या एका बाईचा फोटो होता. मावशींनी फोन घेतला. पलीकडचा एकही शब्द त्यांना कळला नाही, पण प्रश्न कळला. आईचा प्रश्न सगळ्या भाषांत एकच असतो.

"मामा, पोरगी मागं राहिली," त्या म्हणाल्या.

मागे फिरायचे नाही, असा नियम होता. एका गृहस्थांनी उशिराबद्दल कुरकुर सुरू केली. मामांनी घड्याळाकडे पाहिले आणि पुढच्या वळणावर मला मागे वळवले. मावशींनी फोन बंद केला नाही. त्यांना ती भाषा येत नव्हती, पलीकडच्या आईला इथली येत नव्हती. दोघी नुसत्या एकमेकींचा श्वास ऐकत राहिल्या.

मुलगी थांब्यावर कठड्याला धरून उभी होती, पांढरीफटक. कागद गेले, जागा गेली, असे काहीतरी ती म्हणू लागली.

"सामान एकटंच पोचून काय शिकणार होतं?" मामा म्हणाले. "चढ."

मावशींनी फोन तिच्या कानाला लावला. तेव्हा कुठे ती रडली.

गावात शिरलो तेव्हा कचेरी बंद व्हायला आली होती. मामा थांब्यावर थांबलेच नाहीत; मला थेट कचेरीच्या फाटकाशी नेले. कारकून कुलूप घेऊन दारात आला होता. त्याने वर पाहिले, तर माझ्या खिडक्याखिडक्यांतून सारी माणसे त्याच्याचकडे बघत होती, कुरकुर करणारे गृहस्थसुद्धा. कुलूप खिशात टाकून तो आत गेला आणि त्याने दिवा लावला.

मित्रांनो, आता थेट रेल्वे सुरू झाली आहे. मुले तिने जातात आणि मी आगाराच्या मागे उभी असते. मला रंग द्या, सीटा शिवा, असे मी म्हणणार नाही. पण तुमच्या गावी कुणी नवखे आले, तर त्याचे सामान चढवून मोकळे होऊ नका. माणूस चढले ना, एवढे बघा आणि मगच गाडी हलवा.