याओजेमावशीचं धुकं

"काय मेलं हे धुकं म्हणावं! दिवस कासराभर वर आला, तरी ह्याचं बूड हालंना."

याओजेमावशी आपल्या माचावर बसून कुरकुरत होती. तिचं घर अन् माझं घर, मधी नुसता बांबूचा कूड. शिंकलं तरी पलीकडून जाब येतो. माझ्या माचावर मिरच्या वाळत होत्या. ऊन असं कडक की मिरच्या चुरचुर वाजत होत्या. समोरच्या चहाच्या डोंगराचं पान न् पान लख्ख दिसत होतं.

"व्हय गं मावशे," मी म्हणाले. "लई दाट पडलंय."

असंच म्हणायचं हे गावात कुणी ठरवलं नव्हतं, पण ठरलं होतं. शाचेबाबा म्हणजे आमचा गावबाप, सगळ्यांत वडील. त्याच्या कानाच्या पाळीचं भोक एवढं की त्यात फुलाचा झुबका मावतो अन् वर विडीही राहते. तोसुद्धा तिच्या शिडीखालून जाताना म्हणायचा, "याओजे, बेतानं उतर, धुकं हाय." भर दुपारी.

खरं कोण सांगणार? नव्या भाताची पहिली कणसं घरच्या बाईनं एकटीनं जाऊन आणायची. भाताच्या जीवाला हाका मारत, पाटीत बसवून, कपाळाच्या पट्ट्यावर तोलत घरी आणायचं. ज्या दिवशी ती पाटी दुसरीच्या कपाळावर गेली, त्या दिवशी बाई चुलीजवळची उठली अन् भिंतीला जाऊन टेकली. मावशीनं ती पाटी सासूकडून घेतली होती, अन् घेताना सासू कशी बारीक झाली ते तिनं पाहिलं होतं.

गेल्या सुगीला तर कहरच झाला. भात पेरायला गावानं मिळून एकच उतार जाळला होता, सगळ्यांची शेतं शेजारीशेजारी. माझ्या अन् मावशीच्या भातामधी एक अर्धवट जळालेलं खोड आडवं, तोच बांध. मावशी खोडाच्या अलीकडंच वळली, माझ्या भातात शिरली, अन् माझी कणसं कापून हाका मारत निघाली. वाटेत तिला हटकायचं नाही. हाकांशिवाय माणसाचा दुसरा आवाज ऐकला की भाताचा जीव बुजतो अन् माघारी पळतो. मी वाटेच्या कडेला तोंड दाबून उभी, अन् माझा भात माझ्या डोळ्यांदेखत तिच्या घरात. तिच्या पूर्वजांनी माझा भात जेवून ढेकर दिला. मग मावशीच्या घरच्या कणगीत धान्य पुरलं नाही, तर गाव कुजबुजलं, "पुरंल कसं? जीव परक्याचा आणलेला."

हे ऐकलं झीमूनं. झीमू मावशीची सून, ओढ्यापलीकडच्या गावची. नवरा लाचे चहाची पोती घेऊन ट्रॅक्टरवर बाजारात. शेत सगळं हिच्या अंगावर. पेरायचं हिनं, निंदायचं हिनं, रानडुकरं हाकायची हिनं. अन् पहिल्या कणसाची वेळ आली की ही पाहुणी.

ती माझ्याकडं आली. "काकी, औंदा आमच्या चुलीवर आमचाच भात शिजला पायजे. न्हायतर पुढल्या साली पोरांच्या ताटात काय घालू?"

"मग सांग की सासूला."

"तुमी सांगा."

"मी? मला काय जीव नकोसा झालाय?"

"मग शाचेबाबा?"

"त्याच्या कानाला भोक मोठं हाय, काळीज न्हाय."

शेवटी ठरलं ते असं. मी गवत कापायच्या निमित्तानं पुढं जायचं अन् खोड आलं की खोकायचं, म्हणजे मावशी खोड ओलांडून मगच वळेल. झीमूनं आपल्या भातात लपून बसायचं. बाकी देवाच्या हाती.

त्या दिवशी मावशी टोकाची पांढरी टोपी चढवून, कंबरेला कोयती लावून निघाली. जाताना बोलायला मुभा असते, अन् ती मुभा मावशीनं पुरेपूर घेतली. "माझ्या शालाला, लाचेच्या बापाला, ह्याच वाटंवर पयल्यांदा बघितला. कानात आल्याचं फूल, अन् तोंडावर माशी. मी फुलाला भुलले, अन् जन्मभर माशी हाकली."

खोड आलं. मी खोकले.

"घसा धरला काय गं?"

"धुळीनं, मावशे."

अजून खोकले. पार दमेकऱ्यासारखी.

"तू खोकतीस का मला हाकतीस?" असं म्हणून ती वळली. वळली ती नेमकी अलीकडंच, माझ्या भातात! माझा खोकला खरंच घशात अडकला.

तिनं हाका सुरू केल्या. "ये गं आई, ये. रानात उंदीर हाय, पाखरू हाय. घरी ये, ऊब हाय..." आता तिला दुसरा शब्द बोलता येत नव्हता, अन् आम्हांलाही. मी हातवारे केले. पलीकडं भात हलला. झीमू बाहेर आली ती रांगत, मुठीत आपल्या शेतातली देठासकट कापलेली कणसं धरून. सरपटत खोडाखालून आली, मावशीच्या पुढ्यात उकिडवी बसली, अन् मूठ वर धरून राहिली. जणू तिथंच उगवलेली.

मावशीनं हात पुढं केला. बोटांनी चाचपलं. आमच्या भाताला कुसळ नाही, त्यांच्या भाताला काळं लांब कुसळ. तिचा हात कुसळावर थांबला. मग देठावरनं खाली गेला. खाली, अजून खाली.

झीमूनं डोळे मिटले. मी गवतात तोंड खुपसलं, हसू का रडू कळेना.

मावशीच्या हाका क्षणभर तुटल्या. मग तिनं देठ बरोबर मुठीच्या वर धरला, कोयती हलकेच फिरवली, अन् पुन्हा "ये गं आई, ये" करत कणसं पाटीत ठेवली. वाटभर तिनं मान वळवली नाही. आम्ही दोघी मागं, चोरासारख्या.

भात भाजला, कांडला, शिजवला. कोंबडी कापली. शाचेबाबा मधोमध बसला, गाव भोवती. मी मीठ-मिरची लावून चहाची कोवळी पानं कालवत होते. आता राहिलं होतं पूर्वजांना सांगणं. कुणाच्या शेतातला भात अन् कुणाच्या हातचा, हे घरच्या बाईनं मोठ्यानं सांगायचं. इथं खोटं चालत नाही. खोटा भात पूर्वज शिवत नाहीत म्हणतात. सगळ्यांनी माना खाली घातल्या. शाचेबाबा तर आपली विडी शोधू लागला, जी त्याच्या कानातच होती.

मावशीनं केळीच्या पानावर भाताचा गोळा ठेवला.

"शालाचे बाप, शालाची आई, अन् शाला, तूबी ऐक. भात आपल्याच शेतातला हाय. कुसळावनं वळखला. पण उगवला हुता शेजारणीच्या रानात."

कुणीतरी खोकलं. मी नव्हते.

"अन् त्याला अंगठा हुता. नख तुटलेला, कोयतीचा घट्टा पडलेला. माझ्या सुनंचा. तिनंच पेरला, तिनंच कापला. म्या नुसतं पाटीत घातलं. तवा हातचा म्हणून तिचं नाव घ्या." तिनं चाचपत झीमूचं मनगट धरलं अन् तिला चुलीकडं ओढलं. "गेल्या सालचा भात शेजारचा हुता, त्येची माफी असू द्या. मला दिसत न्हाय. दोन सुग्या झाल्या, मला काईबी दिसत न्हाय."