दार लावून घेतलेली चाचणी

माझ्या नाकावर राग असतो, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाची तक्रार नको. चाळीस वर्षं सुतारकाम केलं. माझ्या हातच्या कपाटाचं दार लावलं की फटीतून कागद सरकत नाही. गिऱ्हाइकं म्हणतात, मिस्त्री, दार फार घट्ट बसतं. मी म्हणतो, बसणारच, दार आहे ते, पडदा नव्हे.

आमची थोरली मुलगी व्हिडिओ गेमची मशिनं बनवणाऱ्या कारखान्यात आहे. लागली तेव्हा सरकत्या पट्ट्यापाशी उभी राहून झाकणांचे स्क्रू पिळायची. बोटांना फोड यायचे, ती त्यावर चिकटपट्टी लावून पुन्हा जायची. जेवणाच्या सुट्टीत पुस्तकात मान घालून बसायची. चौदा वर्षांत ती चाचणी विभागाच्या मुख्य टेबलावर पोचली. नवं मशीन आपटायचं, हलवायचं, तापवायचं, दिवसच्या दिवस चालू ठेवायचं आणि टिकलं तरच कागदावर सही करायची, हे तिचं काम. तिची सही नसेल तर एक खोकं फाटकाबाहेर पडत नाही. मी हे भेटेल त्याला सांगतो. आमची ही म्हणते, "अहो, आता तर रस्त्यात पत्ता विचारणाऱ्यालाही सांगायला लागलात. पुरे!" पुरे कशाला? माझी मुलगी आहे, मी सांगणार.

त्या वर्षी नवं मॉडेल बाजारात यायचं होतं. कारखान्याची रीत अशी, की त्याआधी चाचणीवाल्यांनी एकेक मशीन घरी नेऊन महिनाभर वापरायचं. थोरलीने आणलं, टीव्हीला जोडलं आणि मला मोटारींच्या शर्यतीचा खेळ लावून दिला. म्हणाली, "बाबा, तुम्हीच खेळा. तुम्ही वस्तूची गय करत नाही, मला तसंच माणूस हवंय." यात कौतुक किती आणि टोमणा किती, देव जाणे. पण मला नाद लागला. बासष्टाव्या वर्षी मी लाल गाडी हाकत होतो आणि वळण आलं की खुर्चीत आडवा होत होतो. हिने दोनदा विचारलं, कंबर धरली का म्हणून.

ही मोठी टापटिपीची. मशीनवर धूळ बसते म्हणून तिने ते टीव्हीखालच्या कपाटात ठेवलं. कपाट अर्थातच मी बनवलेलं. मागे वायरीपुरतं भोक होतं, त्यातून वायर घेतली आणि दार लावून टाकलं. हातातला रिमोट बिनवायरचा, त्यामुळे माझी शर्यत काही अडली नाही.

चौथ्या दुपारी मी पहिल्या नंबरावर होतो. शेवटची फेरी. तेवढ्यात कपाटातून मिक्सर लावल्यासारखी घरघर सुरू झाली, चित्र थिजलं आणि पडदा काळा. गार झाल्यावर पुन्हा लावलं तर चाललं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच रडगाणं. तिसऱ्या दिवशी साधा दिवासुद्धा लागेना.

संध्याकाळी थोरलीने जेवणाच्या टेबलावर त्याची चिरफाड केली. मला दाखवलं, मोठ्या चिपखाली मोहरीहून बारीक असे सोल्डरचे शेकडो ठिपके असतात, चिप त्यांच्यावर टेकलेली असते. मशीन फार तापलं, गार झालं, पुन्हा तापलं, की ठिपके तडकतात.

"म्हणजे सांधा सुटला," मी म्हटलं.

"हो. सांधाच सुटला."

लाकूडही तसंच करतं. आज दमट, उद्या कोरडं, की कच्चा सांधा उघडा पडतो. ती मला काय शिकवणार! पण ती शिकवत नव्हती. ती कपाटाकडे टक लावून बघत होती.

"बाबा, हे मशीन आम्ही सातशे तास चालवलंय. काही झालं नाही. पण कुठे चालवलं? उघड्या टेबलावर, एसीच्या गारव्यात, चारी बाजू मोकळ्या. आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही की घरात याला असं कुणी ठेवत नाही. लोक आईसारखे कपाटात घालतात आणि दार लावतात." तिने कपाळावर हात मारून घेतला. "एवढे शिकलेले आम्ही, आणि हे कळायला आईची धूळ लागली!"

"माझी कसली धूळ? मी पुसते रोज," ही आतून ओरडली.

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला आणि माझं कपाट कारखान्यात गेलं. टीव्ही स्टुलावर. तिकडे थोरलीने तिन्ही खणांत तीन कोरी मशिनं ठेवली, दारं लावली, आणि रोज चार तास तापव, मग गार कर, असा सपाटा लावला. सहाव्या दिवसापर्यंत तिन्ही मेली. मग तिचा फोन आला, "बाबा, साहेबांनी कपाट बनवणाऱ्याला बोलावलंय."

मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. मला वाटलं, कौतुक करतील.

चाचणी विभागाचे साहेब माणूस वाईट नव्हते, हे कबूल करतो. दहा दिवसांत माल निघायचा होता, जाहिराती झळकल्या होत्या, बिचाऱ्यांची झोप उडाली होती. पण ते काय बोलले बघा.

"मिस्त्री, तुमचं कपाट जरा अतीच घट्ट आहे. बाजारातल्या कपाटांना फटी असतात, मागे पातळ पुठ्ठा असतो. हा तर डबाच आहे, डबा! यात मशीन मेलं तर मशीनचा काय दोष?"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. नाचता येईना आणि म्हणे अंगण वाकडं! मी तोंड उघडणार, तोच त्यांनी मुद्द्याचं सांगितलं. कपाट सदोष आहे असं बनवणाऱ्यानंच म्हटलं, की ही चाचणी रद्द धरता येते. मग उरली टेबलावरची चाचणी, ती तर पास आहे. तिच्यावर थोरलीने सही करायची, आणि मशीनसोबतच्या पुस्तिकेत एक ओळ छापायची, बंद कपाटात ठेवू नये.

"पुस्तिका कोण वाचतं, साहेब?" थोरली म्हणाली. "घरोघरी हेच होणार. लोक पै-पै साठवून मशीन आणणार आणि सहा महिन्यांत ते कचऱ्यात जाणार. त्यावर माझी सही असणार. मी नाही करत."

"मग उद्यापासून या टेबलावर दुसरं कुणी बसेल, आणि तुम्ही परत पट्ट्यावर. माझा इलाज नाही, बाई."

परत पट्ट्यावर. ते फोड, ती चिकटपट्टी, सगळं डोळ्यांपुढे उभं राहिलं. मी कपाटाच्या दारावरून हात फिरवला आणि जन्मात कधी बोललो नव्हतो ते बोललो.

"साहेब, बरोबर आहे तुमचं. कपाट चुकलंय माझं. मापात गफलत झाली. वय झालं आता."

खरं सांगतो, पोरीच्या खुर्चीपुढे माझं नाव काय घेऊन बसायचं? गेलं तर गेलं.

साहेबांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी कागद तिच्यापुढे सरकवला. "ऐकलंत ना, बाई? करा सही."

थोरली कागदाकडे बघेना. माझ्याकडे बघत होती.

"बाबा, कुठे चुकलंय ते दाखवा."

"आं?"

"माप चुकलंय म्हणता ना? दाखवा साहेबांना. कुठलं माप?"

मी दार उघडलं. लावलं. बिजागऱ्या चाचपल्या. खाली वाकून कोपरे बघितले, फळ्यांचे सांधे बघितले. मेला एक तरी वाकडा असावा! आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या कामात चूक हवी होती आणि ती सापडेना. साहेब वाट बघत होते. मी तिसऱ्यांदा दार उघडलं तेव्हा तेही समजायचं ते समजले आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

थोरलीने कागद ओढला, खाली मान घालून बराच वेळ काहीतरी लिहिलं आणि सही ठोकली. साहेबांनी वाचलं. माझ्याकडे एकदा बघितलं आणि कागद घेऊन वरच्या मजल्यावर मोठ्या साहेबांकडे गेले.

फाटकाबाहेर आल्यावर मी तिला फैलावर घेतलं. "अक्कल गहाण टाकलीस का? मी एवढं माझं नाक कापून दिलं, ते कशासाठी?"

"बाबा, आधी काहीतरी खाऊया. सकाळपासून पोटात काही नाही," ती म्हणाली. झालं. आमच्या घराण्यात ऐकून घ्यायची पद्धतच नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती पट्ट्यावर. नऊ दिवस झाकणं पिळली. घरी येऊन हूं की चूं केलं नाही. मीच रोज दोघांपुरता चिडत होतो.

दरम्यान वरच्या मजल्यावर तिचा कागद फिरला. कुणीतरी शहाण्याने बाजारातली चार जातींची कपाटं मागवून तीच चाचणी घ्यायला लावली. फटीवाली, पुठ्ठ्यावाली, सगळी. मशिनं त्यांतही मेली, जरा सावकाश मेली एवढंच. माल थांबला. मशीन पुन्हा बनवायचं ठरलं, पंखा मोठा, झाकणाच्या जाळ्या रुंद. दहाव्या दिवशी साहेब स्वतः पट्ट्यापाशी आले आणि म्हणाले, "बाई, चला, तुमचं टेबल रिकामं आहे." तीन महिन्यांनी नवं मशीन आलं, दोन महिने बंद दाराआड चाललं, आणि मगच तिने सही केली.

त्या संध्याकाळी मी विचारलं, "तेव्हा त्या कागदावर एवढं काय खरडत होतीस गं?"

तिने फोनमध्ये फोटो ठेवला होता. मी चष्मा लावून वाचलं.

'निकाल: नापास. मशीन बंद जागेतली उष्णता सोसत नाही. कपाट निर्दोष, सर्व मापे बरोबर. बनवणाऱ्याने चूक कबूल केली आहे, परंतु ते माझे वडील असून माझी नोकरी वाचावी म्हणून खोटे बोलत आहेत. त्यांची कबुली धरू नये.'

"कारखान्याच्या कागदावर बापाला खोटारडा लिहिलंस?" मी ओरडलो.

"मग? खरं बोलत होतात का?"

माझे डोळे भरून आले, ते दोघी मायलेकींनी बघितलं. बघू देत. मी फोन हिच्या हातात दिला आणि म्हटलं, मोठ्याने वाच. हिने वाचलं.

"पुन्हा वाच," मी म्हटलं. "जरा सावकाश."