फ्रीजरमधलं बेअरिंग

हेवा म्हणजे काय, ते त्या घरच्या लेकीला विचारा. दोन दिवस राहायला म्हणून आली, बॅग खाली ठेवते न ठेवते तोच अंगणातून बापाची हाक आली, "वस्ताद, चौदाचा पाना आण गं!" ही धावली. लहानपणापासून त्या घरात वस्ताद म्हणजे हीच. बाप गाडीखाली आणि ही पाने घेऊन शेजारी, असे कितीतरी रविवार गेले होते. पण दारात पोचते तर गाडीखालून ग्रीसने माखलेला दुसराच हात बाहेर आला. "माझ्याकडेच आहे, बाबा!" भावाची बायको! लग्नाला वर्ष झालं नाही अन् बाईसाहेबांनी पदवीसुद्धा पटकावली.

हिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

गाडी बावीस वर्षांची. पुढचं एक चाक महिनाभर घूं घूं करत होतं, त्याचं बेअरिंग गेलं होतं.

"उजवं ना?" लेकीने ठसक्यात विचारलं.

"डावं, ताई. उजवीकडे वळताना आवाज वाढतो," सून म्हणाली.

"कान बघ कसा आहे हिचा!" बाप खूश. "आणि नवं बेअरिंग हिच्या सांगण्यावरून सकाळीच फ्रीजरमध्ये ठेवलंय मी. गारठलं की आक्रसतं, मग अलगद आत बसतं. मी मेला आयुष्यभर ठोकत बसलो."

आता एवढं कौतुक कुणाच्या पोटात दुखणार नाही? लेक पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेली. फ्रीजर उघडला, बेअरिंग काढलं आणि खिडकीत उन्हात ठेवून दिलं. चांगलं तापू दे, मग गुपचूप परत ठेवू. बसत नाही म्हटल्यावर बघू वस्तादीणबाई काय करतात ते!

पण जुनं बेअरिंग निघालं लवकर, आणि नवं आणायला बाप स्वतःच आत आला. फ्रीजर रिकामा. त्याने भाज्यांचा कप्पाही पाहिला. मग खिडकीकडे नजर गेली.

"मी आत ठेवलं होतं ना?" त्याने हळूच विचारलं. मागोमाग आलेली सून हो म्हणाली. बाप खुर्चीवर बसला. "मग मीच काढलं असणार. माझ्या थोरल्या भावाचंही असंच सुरू झालं होतं. चष्मा पिठाच्या डब्यात, आणि वर्षभरात बायकोला ओळखेना." त्याने खिशातून गाडीची चावी काढली. "ही तुझ्याकडे ठेव. माझ्या हातात आता गाडी नको."

चावी त्याने सुनेपुढे धरली.

सुनेने चावी घेतली नाही. "बाबा, मीच काढलं. विसरले सांगायला."

"तू तर सकाळपासून माझ्याबरोबर होतीस."

खोटंही किती गोड बोलते मेली, असं लेकीच्या मनात आलं आणि दुसऱ्याच क्षणी स्वतःचीच लाज वाटली. बोललं तर बापाच्या मनातून उतरणार. न बोललं तर तो पार खचणार.

"बाबा, मी काढलं. हिची फजिती व्हावी म्हणून."

बाप कसनुसा हसला. "तूही सुरू झालीस? माझ्यासाठी अंगावर घेऊ नकोस, बाळा. तू असं करणारी नाहीस."

"अरे, खरंच मी काढलं!"

"मी ओळखत नाही का तुला?" म्हणत त्याने चावी पुन्हा सुनेपुढे धरली.

आता आली का पंचाईत! लेकीने सुनेचा दंड धरला. "तू सांग ना गं त्याला! मी कशी आहे ते सांग!"

सून घुटमळली. मग खाली बघत म्हणाली, "खरं आहे, बाबा. ताई पहिल्या दिवसापासून माझ्यावर जळतात."

"जळते!" लेक रडत ओरडली. "हिला वस्ताद म्हणालास तेव्हा तर जास्तच जळले!"

बाप एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने चावी मुठीत घट्ट धरली आणि लांब श्वास सोडला. लेकीवर रागवायचंही त्याला सुचलं नाही.