बिनमायेचा टॉप

मित्रांनो, मी आटपाडीच्या तरन्नुमभाभींची पायावर चालणारी जुनी शिलाई मशीन आहे. माझं वय विचारू नका. माझ्या बरोबरीच्या सगळ्या कधीच भंगारात गेल्या, मी मात्र भाभींच्या हातचं तेल खाऊन अजून धडधाकट आहे. जन्मभर ब्लाउज शिवले, त्यामुळे शिवणकामातलं मला कुणी शिकवू नये असा माझा ताठा होता. तो एका टॉपने उतरवला.

शेजारच्या राहीबाईंची संयोगिता पोलीस भरतीसाठी पळत होती. बाजारातले टी-शर्ट जेमतेम कमरेपर्यंत यायचे. राहीबाईंनी निक्षून सांगितलं, "मांडी झाकंल आसं कायतरी आंगात आसंल तरच मैदानात जायाचं, न्हाईतर घरात बस." भरतीला उरले होते पंधरा दिवस. पोरगी रडवेली होऊन भाभींकडे आली.

भाभींनी बनियनसारखं ताणाचं कापड आणलं. पण रंग बघून आणलं, ताण बघून नाही! शिवताना मी टाके सोडू लागले. "म्हातारी झाली ही," भाभी पुटपुटल्या. मला असा राग आला म्हणता! सुई ब्लाउजची, टोकदार. ती या कापडात नीट चालेना, त्याला मी काय करू?

त्यात भाभींनी सवयीने दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं माया ठेवली. माया म्हणजे शिवणीच्या आत राखलेलं जादा कापड, अंग भरलं तर उसवून सैल करायला. ब्लाउजला ती हवीच. पण संयोगिता दोन दिवस पळाली आणि घामाने टॉप लोंबून गुडघ्याला आला. मायेच्या जाड कडेने काखा सोलून निघाल्या. राहीबाईंनी लेकीला खोबरेल लावलं आणि म्हणाल्या, "बास झालं आता पळनं."

भाभींना घास गोड लागेना. दुपारी त्यांनी दोरीवरचं नवऱ्याचं, आसिफभाईंचं बनियन काढलं आणि उलटं करून बघत बसल्या. एकदम ओरडल्या, "आवं, ह्याला मायाच न्हाई की!"

तशाच उठून विट्याला गेल्या. दुकानात प्रत्येक कापड ताणून सोडायच्या. झटकन जागेवर आलं तेच घ्यायचं.

"भाभी, कापड घेताय का रबर?" दुकानदार वैतागला.

त्यानेच सांगितल्यावरून मला ताणाच्या कापडाची बोथट टोकाची सुई मिळाली. ताण अंगावर आडवा येईल, म्हणजे टॉप खाली लोंबणार नाही, असं कापड बेतलं, माया नावापुरती ठेवली, शिवताना कापड हलकं ताणून धरलं. एकही टाका सुटला नाही. म्हातारी म्हणे!

राहीबाईंनी टॉप उलटसुलट केला, आतून हात फिरवला. "बरं, जा," एवढंच म्हणाल्या. आणि संयोगिताने भरतीचं मैदान मारलं!

मित्रांनो, या वयात मला नवं काम शिकायला मिळालं. भाभींचे, त्या पोरीचे, अगदी त्या बनियनचेही माझ्यावर उपकार आहेत. तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल तर वेळेवर तेल द्या, आणि बोल लावण्याआधी सुई तेवढी बघा.

परवा राहीबाई आल्या. मला वाटलं, आता कसली तक्रार! त्यांनी दार लोटून घेतलं आणि भाभींना हळूच म्हणाल्या, "माझंबी माप घे गं. कुनाला सांगू नगंस, पन उद्यापास्नं मीबी पळनार हाय."