न मागितलेला वन्स मोअर

"हे बघ केमार, आज गाणं मागे ओढायचं नाही," रेनेल म्हणाली. "लोकांनी मागितलं तरच."

"मी काय लहान आहे?" केमारने लॅपटॉपची वायर सोडवत विचारलं.

"लहान नाहीस, भाऊ आहेस. तोच तर घोळ आहे."

बर्मिंगहॅमच्या डिगबेथ भागातल्या त्या हॉलमध्ये मुख्य गायकाला सोफा, फळं आणि आरसा असलेली खोली होती. त्याच्या आधी गाणाऱ्यांसाठी होती फरशी पुसायच्या बादल्यांची खोली. तिथेच रेनेल एका उलट्या बादलीवर बसून कानातले घालत होती आणि केमार दारात उभा राहून आईने फॉइलमध्ये बांधून दिलेले तळलेले डंपलिंग खात होता. आई स्वतः आली नव्हती. रेनेलनेच येऊ दिलं नव्हतं आणि त्यावरून घरात दोन दिवस भांडी आपटली जात होती.

"माझ्या पोटची पोर गाणार आणि मी घरी टीव्ही बघत बसू?" आई म्हणाली होती.

"मम, तू टाळ्या वाजवणारच. तू, आंटी पर्ल, सगळं चर्च. मला न वाजवणारे हवेत."

बर्मिंगहॅमच्या या पोरांची एक रीत आहे, आजोबांनी जमैकाहून येताना सोबत आणलेली. गाणं आवडलं की ते संपायची वाट कोण बघतो? भिंती बडवायच्या, "फिरव, फिरव" म्हणून ओरडायचं, की डीजेने गाणं तिथल्या तिथे थांबवून पुन्हा पहिल्यापासून लावायचं. वन्स मोअरच तो, पण उतावळा. मात्र तो द्यायचा लोकांनी. आपल्याच माणसासाठी परस्पर गाणं मागे ओढणारा डीजे म्हणजे स्वतःची पाठ स्वतःच थोपटणारा माणूस. त्याची पुढे सहा महिने टिंगल होते.

आणि केमारने हेच आजवर केलेलं. हँड्सवर्थच्या चर्चच्या हॉलमध्ये, आंटी पर्लच्या साठाव्या वाढदिवसाला, वॉलसॉलमध्ये नखं रंगवायच्या दुकानाच्या उद्घाटनाला. रेनेलने तोंड उघडलं की याचा हात शिवशिवायचा. आपला तो बाब्या, दुसरं काय! घरचे लोक हसून टाळ्या वाजवायचे, कुणाला त्यात वावगं वाटायचं नाही. शाळाशाळांतून गायली तेव्हा पोरं किंचाळली होती खरी, पण गणिताचा तास बुडाला की पोरं कुणासाठीही किंचाळतात. आपलं गाणं परक्या माणसाला हवंय का, हे रेनेलला चोविसाव्या वर्षापर्यंत कळलेलंच नव्हतं. येताना बसमध्ये तिने केमारला सांगून टाकलं होतं, "आज कळेल. नाही आवडलं, तर सोमवारपासून दातांच्या दवाखान्यात पूर्ण वेळ काउंटरवर बसते. नंतर रडणार नाही, तू पण रडायचं नाहीस."

दारात जोडी नावाची बाई आली. मुख्य गायकाचा सगळा दौरा सांभाळणारी, कायम घाईत असलेली. रोज आधी गाणाऱ्या मुलाचा घसा बसला म्हणून तिने आजच्यापुरतं रेनेलला बोलावलं होतं.

"चला पोरांनो. आणि ट्रॅकवर तुझाच आवाज आहे ना गं? सोबतीला? सगळे ठेवतात."

"नाही. नुसती वाद्यं आहेत."

"धाडसी आहेस," जोडी म्हणाली. तिच्या तोंडून ते कौतुक वाटलं नाही. "पुढचा कार्यक्रम लीड्सला आहे. त्यात तुला घ्यायचं का, ते नंतर बघू."

हॉल अर्धा भरला होता. जे होते तेही बारकडे तोंड करून उभे. पहिल्या दोन गाण्यांना पुढच्या रांगेने सभ्य टाळ्या दिल्या, बसमध्ये कुणी जागा दिली तर आपण जितपत हसतो तितपत. मग तिसरं गाणं आलं, 'वरचा मजला'. बसच्या वरच्या मजल्यावर शेवटच्या सीटवर बसून, सगळे उतरून गेल्यावरही उतरू न शकणाऱ्या मुलीचं. रेनेलने ते आईच्या स्वयंपाकघरात लिहिलं तेव्हा केमार भांडी घासत होता. त्याला ते ऐकताना अजूनही भरून यायचं.

ती पहिली ओळ गायली. सुरेख गायली. आणि बारपाशी कुणीतरी मोठ्याने हसलं, भलत्याच गोष्टीवर. केमारने बारकडे बघितलं. इतकं चांगलं गातेय आणि हे बैल बियरच्या रांगेत! तेवढ्यात पुढच्या रांगेत एक हात वर झालेला त्याला दिसला. तो हात मागे राहिलेल्या मैत्रिणीला खूण करत होता. केमारला ते दिसत नव्हतं असं नाही. पण त्याचा हात विचार करायच्या आधीच बटणावर पोचला होता. कर्रकन आवाज करत गाणं मागे गेलं आणि थांबलं.

बारकडची माणसंसुद्धा वळली.

"कोणी मागितलं रे?" मागून एक पोरगा ओरडला.

"तिचा भाऊ असणार!" दुसरा म्हणाला, आणि सगळा हॉल खदखदला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. केमारला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. रेनेल पाठमोरी होती. तिचे खांदे ताठ झालेले त्याला दिसले. ही आता माइक ठेवून निघून जाणार, आणि सोमवारी काउंटरवर बसणार. माझ्यामुळे.

तिने माइक तोंडाशी नेला.

"बरोबर ओळखलंत," ती म्हणाली. "भाऊच आहे. मी पहिल्यांदा 'मम' म्हणाले ना, तेव्हाही यानेच ते पुन्हा म्हणायला लावलं असणार."

हॉल हसला. पण आता तो तिच्याबरोबर हसत होता. ती वळली. डोळ्यांत पाणी होतं आणि रागही.

"केमार, गाणं लाव. आणि मग दोन्ही हात खिशात घाल. सगळ्यांना दिसू देत."

त्याने गाणं लावलं आणि चारशे लोकांसमोर, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखे, दोन्ही हात खिशात घातले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्याच्यासाठी! पण वळलेली तोंडं मात्र परत बारकडे गेली नाहीत.

या वेळी ती चिडून गायली. बसमधली मुलगी आता केविलवाणी वाटेना. सगळ्यांना खाली ढकलून बस स्वतःच हाकेल अशी वाटू लागली. दुसऱ्या कडव्याला पुढची रांग गप्प झाली. धृपद आलं तेव्हा तिने एक सूर असा काही लांबवला की केमारने तो घरी कधी ऐकला नव्हता.

आणि भिंत वाजली. आधी एक, मग दोन्ही बाजूंच्या. पाय आपटले गेले. "फिरव! फिरव!"

केमार हलला नाही. चिडवतायत, त्याला वाटलं. एकदा तोंड पोळलं होतं, आता ताकसुद्धा नको. त्याने खिशातल्या मुठी आणखी आवळल्या. गाणं पुढे चाललं होतं, आरडाओरडा वाढत होता.

रेनेल गायची थांबली. ती वळून त्याच्याकडे बघू लागली. त्याने मान हलवली, नाही.

ती टेबलापाशी आली, माइक बाजूला धरून वाकली. "अरे, हात काढ की बाहेर!"

"टिंगल करतायत गं."

"नीट बघ."

केमारने बघितलं. आंटी पर्ल नव्हती. चर्चमधलं कुणी नव्हतं, गल्लीतलं नव्हतं, शाळेतलं नव्हतं. मघाचा ओरडणारा पोरगा मित्राच्या खांद्यावर चढून छताला गुद्दे मारत होता. केमारने पहिल्या रांगेपासून पार बारपर्यंत नजर फिरवली. त्या गर्दीत त्याच्या ओळखीचा एकही चेहरा नव्हता.

मग त्याने हात बाहेर काढला.